उंबऱ्यापर्यंत रेंज

३ एप्रिल

कायंदीच्या लोकहो! तीन कंपन्या आपल्याला डेटा विकतात आणि तिघींपैकी एकीचाही डेटा आपल्या उंबऱ्यापर्यंत पोचत नाही. घरातून फोन लावला तर नुसता आवाज येतो, तोही विहिरीच्या तळातून आल्यासारखा. आपल्या माणसाचं तोंड पाहायचं असेल तर टेकडी चढायची. पोटुशी बाईनं चढायची, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यानं चढायची, हिमवादळात चढायची. विकताना आपण गिऱ्हाईक असतो आणि टॉवर बांधायची वेळ आली की नकाशावरचा डाग! हे आणखी किती दिवस सोसायचं?

इथवर बोलले आणि गावप्रमुख तोलोगोननं हात वर केला. तोही मला सगळ्या गावासारखा एजे, म्हणजे ताई, म्हणतो. "कानिशाय एजे, भाषण झकास. पण कुठली कंपनी घ्यायची ते सांगा ना."

सभागृह हसलं. मीही हसले.

ठरलं ते असं. सगळ्या घरांनी एकाच कंपनीकडे जायचं आणि मग त्या कंपनीच्या मानेवर बसून टॉवर मागायचा. कुठली कंपनी आणि कुठला हँडसेट, हे शोधून काढायचं काम माझ्यावर. "तुम्ही सगळं ग्रंथालय वाचून बसलात," तोलोगोन म्हणाला, "एवढंही वाचा." एकसष्ट वर्षांची मी, बटणांचा फोन वापरते. डेटा म्हणजे नेमकं काय, हे मला माहीत नाही. सभेत कबूल केलं नाही, इथे करते.

पण खरं सांगू? घरी येताना पाय हलके होते. बऱ्याच दिवसांनी काहीतरी नवीन शिकायला मिळणार.

५ एप्रिल

नारीनचा बाजार. फोनच्या दुकानात नुरझामाल नावाची मुलगी. नखं हिरवी, जीभ कात्रीसारखी.

"एजे, फोनवर काय काय करणार तुम्ही?"

"तेच तर विचारायला आलेय. काय काय करता येतं?"

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि स्टूल पुढे केलं. तासभर शिकवणी चालली. डेटा म्हणजे, तिच्या म्हणण्याप्रमाणे, पत्र फाडून त्याचे बारीक तुकडे करायचे, एकेक तुकडा हवेत सोडायचा आणि पलीकडच्यानं ते पुन्हा जोडायचे. एखादा तुकडा हरवला तर पलीकडचा फोन ओरडून परत मागतो. मी म्हटलं, "आणि माणसाचा चेहरा?" "तोही तुकड्यातुकड्यांनी, एजे. सेकंदाला कितीतरी." मी ऐकतच राहिले. चाळीस वर्षं पुस्तकं हाताळली आणि एवढी साधी गोष्ट कुणी लिहून ठेवलेली पाहिली नाही.

दुसरी गंमत. प्रत्येक कंपनीची लहर वेगळी. काही फोनना काही लहरी ऐकूच येत नाहीत. तोलोगोननं मिरवायला घेतलेला सोनेरी फोन कारलिगाच कंपनीच्या बाबतीत ठार बहिरा आहे, हे मला त्या हिरव्या नखांनी दाखवलं. तोलोगोनला उद्या सांगेन. चारचौघांत.

मग तिनं दोन सिम घालायचे फोन मांडले. मी ते बाजूला सारले. एक माणूस, एक नंबर. दोन नंबरवाला माणूस दोन्हीकडे अर्धा असतो. हे मी मोठ्यानं बोलले असावे, कारण शेजारच्या मोज्यांच्या दुकानातली बाई टाळ्या वाजवू लागली.

नुरझामालनं विचारलं, "बाहेरगावी कोण आहे तुमचं? व्हिडिओ लागेल का?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

असानकुल मागे उभा होता. एरवी माझा नवरा दुकानात खांबासारखा असतो. आज अचानक बोलला, "पुढचा कॅमेरा चांगला असलेला दे."

"कशाला? तुझं थोबाड बघायला?"

"थोबाड दिसलं पाहिजे," तो म्हणाला. एवढंच.

चांगल्या पुढच्या कॅमेऱ्याचा, एका सिमचा, मोठ्या बॅटरीचा घेतला. थंडीत बॅटरी लवकर मरते म्हणे.

६ एप्रिल

'कोणी नाही' हे काल लिहून गेले. वहीशी खोटं बोलायचं नाही, असा माझा नियम आहे. तर लिहिते.

तालाय आमचा एकुलता मुलगा. गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. तीन वर्षांमागे शाळा सोडून बायकोला घेऊन कोरियात गेला, जहाजांच्या कारखान्यात लोखंड जोडायला. जाण्याआधीच्या नूरूझच्या सणाला मी व्यासपीठावरून म्हणाले होते की जो शिक्षक भरला वर्ग सोडून जातो, त्यानं कायंदीचं नाव सांगू नये. तो पहिल्या रांगेत बसला होता. तेव्हापासून त्यानं माझ्याशी संबंध ठेवलेला नाही, मी त्याच्याशी ठेवलेला नाही.

मी चुकीचं बोलले नव्हते. त्या वर्गाला अजून भौतिकशास्त्राचा शिक्षक मिळालेला नाही. बस्स.

८ एप्रिल

टेकडीवर पहिली चाचणी. मी इतकी वर्षं वर गेलेच नव्हते, मला कशाला लागायची टेकडी! आणि वर काय बघते तर अख्खा बाजार.

बोरान कंपनीवाले सपाट दगडावर बसतात, त्यांची रेंज तिथेच. कारलिगाचवाले जुन्या कुंपणाच्या खांबाला एक हात लावून उभे राहतात. खांबाचा काही संबंध नाही, मी हात काढून पाहिला, तरी सगळे लावतात. आणि कुमुशवाल्यांना रेंज फक्त घोड्यावर बसल्यावर मिळते. खाली उतरलं की गेली! त्यामुळे कुमुशवाले प्रेमाचं बोलतानासुद्धा सरदारासारखे दिसतात. एक जण घोड्यावरून फोनमध्ये ओरडत होता, "अगं, घोडा हलतोय, मी नाही रडत!"

मी आल्यावर दगडावरचे लोक गप्प झाले. मला वाटतं, तपासायला आलेय म्हणून बुजले असतील.

शेजारची झूरा दगडावरून उड्या मारत माझ्याकडे आली. गाल लाल, हात पुढे. "सुयुन्चू, एजे! सुयुन्चू!"

चांगली बातमी पहिल्यांदा आणणाऱ्यानं सुयुन्चू ओरडायचं, ऐकणाऱ्यानं आधी भेट कबूल करायची, मग बातमी. झूरानं आयुष्यात एकही सुयुन्चू सोडलेली नाही. दुसऱ्याच्या कोंबडीनं अंडं घातलं तरी ती रुमाल उकळेल.

"दिली," मी म्हटलं, "बोल."

तिनं दगडाकडे पाहिलं. तिथे असानकुल बसला होता, फोन उरावर उलटा धरून. झूराचा चेहरा एकदम उतरला. "काही नाही, एजे. गाय व्याली."

"तुझी गाय मार्चात व्याली."

"हो ना. तेच सांगायचं राहिलं होतं."

आणि भेट न घेता गेली! झूरा! तिला ताप तर नाही ना, असं घरी येऊन असानकुलला विचारलं. तो म्हणाला, "वसंत ऋतू आहे." हे काय उत्तर झालं?

१३ एप्रिल

मेंढ्या व्यायला लागल्यात, असानकुल दिवसभर गोठ्यात. तरी संध्याकाळी दाढी करून टेकडीवर जातोच. गोठ्यात जाताना दाढी नाही, टेकडीवर जाताना दाढी. मी म्हटलं, "तिथे कोण बघणार आहे तुला?" तर साबण पुसत शीळ घालू लागला. कुठलंसं अंगाईसारखं काहीतरी.

आज जेवताना मी माझी टिपणं वाचून दाखवली. मजकूर पाठवायला डेटा किती थोडा लागतो, फोटोला किती. "व्हिडिओला किती लागतो, ते अजून मोजायचंय," म्हटलं.

बोर्सोकचा तळलेला तुकडा चहात बुडवत तो म्हणाला, "चहा उकळून पिऊन होईपर्यंत बोललं तर महिन्याच्या पॅकचा चांगलाच लचका तुटतो. चित्र बारीक ठेवायचं, मग कमी खातो. पण बारीक चित्रात डोळे दिसत नाहीत."

ज्या माणसाला आपल्या पायमोज्यांची जागा माहीत नसते, त्याला हे कसं ठाऊक? मी खूप विचार केला. घोड्यांच्या खेळाचे सामने बघत असणार. डोळे म्हणजे घोड्यांचे.

१६ एप्रिल

सभा. माझा अहवाल. तिन्ही कंपन्या टेकडीवर तपासल्या. सकाळी, दुपारी, वारा असताना आणि नसताना. बोरानचा डेटा संध्याकाळी गर्दी झाली की दम तोडतो. कुमुशसाठी गावानं घोडदळ उभं करावं लागेल. कारलिगाचचं चित्र सर्वांत स्वच्छ, आणि तिन्हींपैकी त्यांनीच टॉवरबद्दलच्या माझ्या पत्राला उत्तर दिलं आहे. माझी शिफारस: सगळ्या गावानं कारलिगाच घ्यावं, सिम बदलावं.

"नंबर बदलेल का?" कुणीतरी विचारलं.

"बदलेल. नंबर कंपनीचा असतो. नंबर म्हणजे काय? आकडे! आकड्यांपायी टॉवर सोडायचा?" आणि मग मी बोलले. अगदी नूरूझच्या सणासारखं बोलले. शेवटच्या रांगेतले म्हातारेसुद्धा टोप्या काढून बसले.

"हात वर करा!"

सगळे हात वर. एक सोडून.

माझा नवरा. सबंध सभेत एकटा, हात मांडीवर.

"असानकुल, काय म्हणणं आहे तुझं?" तोलोगोननं विचारलं.

"आम्ही नाही बदलणार."

"का?"

"जाणाऱ्यांचे नंबर बदलत असतात. घराचे बदलत नसतात."

मी लाजेनं तापले. माझ्याच घरातून! आणि हा काय युक्तिवाद झाला? माझ्या भाषणाला या एका वाक्यानं उत्तर? पण विचित्र गोष्ट अशी की त्यानंतर वर गेलेले कितीतरी हात हळूहळू खाली आले. तोलोगोनचासुद्धा.

घरी मी विचारलं, "तुला फोन तरी कोण करतं?"

"कोणी नाही."

"मग?"

"कुणाला तरी पाठ झाला असेल."

त्यानंतर कोपऱ्यात बसून तो लोकर वळू लागला. एक काळा धागा, एक पांढरा. हा दोर आपण नुकत्याच उभ्या राहिलेल्या मुलाच्या पायांना बांधतो आणि कापतो, म्हणजे त्याची वाट मोकळी होते. मी विचारलं, "हा कशाला?"

"कोकराला."

"कोकराचा सोहळा करणार आहेस?"

"गुणी कोकरू आहे," म्हणाला.

हा माणूस म्हातारा होतोय. मला काळजी वाटते.

१९ एप्रिल

कारलिगाचचा माणूस आला. आदिल, लांबोडका, चष्म्यावर धूळ. आल्या आल्या लॅपटॉप उघडत होता. मी म्हटलं, "आधी जेव." तो म्हणाला, "एजे, मला आजच परतायचंय." मी म्हटलं, "म्हणूनच आधी जेव." आम्ही त्याला सूप वाढलं, मग मांस, मग पुन्हा सूप. शेवटी त्याच्यानं हलवेना, तेव्हा लॅपटॉप उघडू दिला.

नकाशा. आमची दरी पडद्यावर. जिथे डेटा वापरला जातो, तिथे लाल रंग. टेकडी लालभडक, रक्ताची गाठ असावी तशी. आणि गाव? राखाडी. शाळा राखाडी, ग्रंथालय राखाडी, माझं घर राखाडी.

"बघा," आदिल ढेकर आवरत म्हणाला, "आमच्या वरिष्ठांचं म्हणणं असं की या गावात डेटा कुणी वापरतच नाही. वापर आहे तो टेकडीवर. तिथे पर्यटक उतरत असणार, असं ते समजतात. टेकडीकडे तोंड करून एक अँटेना वाढवायचा विचार चालू आहे."

"पर्यटक!" मी उठून उभी राहिले. "अरे, तो लाल डाग म्हणजे आम्ही! घरात मिळत नाही म्हणून वर चढणारे आम्ही! वर चढतो म्हणून तुम्हाला वाटतं खाली कुणी नाही, आणि खाली कुणी नाही म्हणून तुम्ही खाली देत नाही! हा कुठला न्याय?"

"एजे, न्याय नाही, नकाशा आहे."

मला तो पोरगा आवडला. मी बसले. आणि मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं, भाषण म्हणून नाही, खरंच कळावं म्हणून. "आम्ही घरातून लावलं तर? मी लावून पाहिलंय. ते छोटं चाक फिरत राहतं, फिरत राहतं, आणि शेवटी 'पुन्हा प्रयत्न करा' येतं. त्याचं तुमच्याकडे काय होतं? हवेत विरून जातं?"

आदिलनं चष्मा पुसला. "नाही. ते नोंदलं जातं."

"न लागलेलं?"

"न लागलेलंसुद्धा. कुठल्या बाजूनं, किती वेळा. अयशस्वी प्रयत्न म्हणून वेगळा नकाशा असतो. तो फारसा कुणी उघडत नाही, कारण त्यात असं एका जागी फार काही नसतं. लोक एकदोनदा लावून बघतात आणि सोडून देतात. तुमच्या गावात तर कुणी प्रयत्नच करत नाही."

"आणि एका जागी खूप असलं तर?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "तर उघडावाच लागेल, एजे."

जाताना त्याच्या पिशवीत बोर्सोक भरले. दिवसभर ते एकच डोक्यात फिरतंय. न लागलेल्याचीही नोंद असते. कुठेतरी.

२२ एप्रिल

असानकुलचा हट्ट मोडायचा तर पुरावा हवा. बोरान किती वाईट आहे, हे त्याच्याच फोनवर, त्याच्याच दगडावर बसून, गर्दीच्या वेळी मोजायचं ठरवलं. दुपारपासून एक मेंढी अडली होती, तो गोठ्यात. कोट खुंटीला, फोन कोटात. कडा फुटलेला तो फोन घेतला आणि वर गेले.

दगडावर झूरा होती. मला त्याच्या फोनसकट पाहिलं आणि उठून उभी राहिली. "एजे, तो फोन—"

"चाचणी आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ. मी बटण दाबलं, कारण चाचणीच होती ती.

पडद्यावर एक तोंड. फार जवळ, काचेला नाक लागेल इतकं. दोन दात. मग ते मागे सरलं आणि दिसलं की मूल खुर्चीला धरून उभं आहे. मागून सुनेचा आवाज, "बघ, बघ, आबा दिसले का? आज आबांना दाखव, खुर्ची सोडून दाखव." मुलानं एक हात सोडला. हनुवटी माझी होती. माझ्या वडिलांची, माझी, तालायची. मी ती आरशात रोज बघते.

मी कायंदीत, नारीनमध्ये, एकदा राजधानीतही बोलले आहे. लोक म्हणतात, हिच्या तोंडाला तोंड देता येत नाही.

मी काही बोलले नाही.

मुलानं दुसरा हात सोडला आणि चित्र गोठलं. बोरान गर्दीच्या वेळी दम तोडतो. हे मी अहवालात लिहिलंच होतं.

आजूबाजूला सगळे खाली मान घालून आपापल्या फोनमध्ये बघत होते. कुमुशवालेसुद्धा, घोड्यांवर, मान खाली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना.

फोन कोटात परत ठेवला. असानकुल कोपरापर्यंत रक्तानं माखून आत आला, म्हणाला, "सुटली. दोन झाली." मी म्हटलं, "हात धू."

२५ एप्रिल

नारीन. नुरझामाल.

"एजे! फोन बिघडला का?"

"नाही. बदलायचाय."

"कशात खोट निघाली?"

"एकच खिडकी आहे त्याला."

तिनं दोन सिमचा तोच जुना खोका, जो मी बाजूला सारला होता, काढून समोर ठेवला. मोज्यांच्या दुकानातली बाई मान लांबवून बघत होती. ह्या खेपेला तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

हँडसेटबद्दल गावाला द्यायचा निर्णय लिहून ठेवते, कारण तो आता पक्का आहे. कारलिगाचची लहर ऐकू येणारा असावा. बॅटरी मोठी. पुढचा कॅमेरा चांगला, थोबाड दिसलं पाहिजे. आणि दोन सिमची सोय असावीच असावी. एकात गावाची नवी कंपनी, दुसऱ्यात घराचा जुना नंबर. घराचे नंबर बदलत नसतात. हे वाक्य माझं नाही, पण सभेत मी ते ज्याचं आहे त्याचं नाव घेऊन सांगेन.

दोन नंबरवाला माणूस दोन्हीकडे अर्धा असतो, असं मी तीन आठवड्यांपूर्वी म्हटलं होतं. त्यावर पुन्हा विचार चालू आहे.

घरी आल्यावर नवा फोन असानकुलपुढे ठेवला. त्यानं उलटून पाहिला, दोन्ही खाचा नखानं चाचपल्या. फार वेळ.

"दोन कशाला?" त्यानं विचारलं.

"एक तुझी."

तो उठला, त्याच्या फोनचं सिम काढलं, आणि ते चिमटीत धरून असा बसला जणू कोकराचं काळीज हातात आहे.

२७ एप्रिल

झूराला चहाला बोलावलं. मेजावर माझी पांढरी शाल घडी करून ठेवली होती, काठावर भरतकाम असलेली, आईनं दिलेली.

ती शालीकडे बघत बसली. चहा थंड झाला.

"झूरा, तुझं माझ्याकडे काहीतरी राहिलंय," मी म्हटलं. "टेकडीवर मी कबूल केलं होतं. बातमी मात्र तू दिली नाहीस."

"एजे..."

"गायीची सांगू नकोस."

ती रडायला लागली आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "कुठल्या बातमीचं घेऊ आता? जन्माची जुनी झाली. नाव ठेवल्याची जुनी. पहिला दात, तीही जुनी. त्या दिवशी खुर्चीला धरून उभा राहिला, ती ताजी होती हो, एजे, अगदी गरम होती! जीभ चावून रक्त काढलं मी."

"म्हणजे चार राहिल्यात तुझ्या?"

"माझ्या एकटीच्या नाहीत. सगळ्या दगडाच्या आहेत. पहिल्या दातावर तोलोगोनचा दावा आहे, त्यानं आधी पाहिला. आम्ही वाटून घेतल्यात. म्हटलं, एजे कधीतरी विचारतील."

"आणि नाही विचारलं असतं तर?"

"तर काय. जपून ठेवल्या असत्या."

मी शाल तिच्या खांद्यावर घातली. "नाव काय ठेवलंय?"

झूरा काठावरचं भरतकाम कुरवाळत राहिली. मग म्हणाली, "ती बातमी माझी नाही, एजे. ती असानकुल बाइकेंची आहे. त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलंय, नाव मीच सांगणार."

संध्याकाळी तो दाढी करत होता. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. आरशात आम्ही दोघं.

"म्हाताऱ्या," मी म्हटलं, "सुयुन्चूला तुला काय हवं?"

वस्तरा थांबला. अर्ध्या गालावर साबण. तो म्हणाला, "माझ्याबरोबर वर ये."

"नाही," मी म्हटलं. "वर नाही. मी माझ्या उंबऱ्यावरून लावणार."

"उंबऱ्यावरून लागत नाही, बाई."

"ठाऊक आहे."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जणू मला ताप आहे. मग माझा नवा फोन घेतला, साबणाच्या बोटांनी, आणि तालायचा नंबर त्यात घातला. आता चालू असलेला. हा सातवा आहे म्हणे.

नाव त्यानं नंतर सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. आधी नातवाला त्या नावानं हाक मारून बघायचीय.

२९ एप्रिल

उद्याच्या सभेसाठी.

कायंदीच्या लोकहो!

कारलिगाच घ्या. फोन दोन सिमचा घ्या आणि घराचा नंबर दुसऱ्या खिडकीत जपून ठेवा. असानकुल त्या दिवशी एकटा बरोबर होता आणि मी तुम्हा सगळ्यांसकट घाईत होते. एवढं बोलून फोनचा विषय संपवते.

आता टॉवरचं. त्यांच्या नकाशावर आपलं गाव राखाडी आहे, कारण आपण शहाणे लोक आहोत. जिथे लागत नाही तिथून लावायचं आपण सोडून दिलं. कशाला उगीच दाबायचं, म्हणतो, आणि टेकडी चढतो. वर आपली गाणी, वर आपली भांडणं, वर आपल्या नातवंडांचे दात. खाली काही नाही. जो नकाशा बघतो त्याला वाटणारच की खाली कुणी राहत नाही, खालच्यांना कुणाशी बोलायचं नाही. ही चूक त्यांची आहे. पण तो नकाशा आपण रंगवला.

त्यांच्याकडे दुसरा एक नकाशा आहे. जे लागलं नाही त्याचा. तो कुणी उघडत नाही, कारण त्यात कधी काही नसतं. तो आपण भरायचा.

येत्या रविवारी, मध्यान्हीला, टेकडीवर एकही माणूस जाणार नाही. कुमुशवाल्यांनी घोडे सोडून द्यावेत. प्रत्येकानं आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसायचं, डेटा चालू करायचा, आणि ज्याचं तोंड पाहायचंय त्याचं नाव दाबायचं. लागणार नाही. चाक फिरत राहील, फिरत राहील, आणि 'पुन्हा प्रयत्न करा' असं येईल. तर पुन्हा करायचा. हात दुखेपर्यंत करायचा. नोंद होते, मी विचारून घेतलंय.

मी माझ्या दारात बसलेली असेन. सगळ्यांच्या आधी. ज्यांना पहिलं बटण दाबायला लाज वाटते, त्यांनी माझ्याकडे बघावं आणि दाबावं.